आठव्या नंबरचा फलंदाज आणि दोरीबाहेरची आई

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा 12 वर्षांचा, दीड वर्षापासून क्रिकेटच्या अकादमीत जातो. नेटमध्ये (जाळीतल्या सरावात) बरा खेळतो, पण सामन्यात सर त्याला आठव्या-नवव्या नंबरला पाठवतात आणि बहुतेक वेळा पॅड बांधून बसण्यातच दिवस जातो. नवऱ्याने एकदा सामना संपल्यावर विचारलं, तर सर म्हणाले, "पालकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं." मुलगा घरी येऊन गप्प असतो. आता सरांशी बोलायचं की नाही, बोलायचं तर कसं, आणि कुठल्या बाबतीत आपण बोलूच नये, असं त्यांना विचारायचं आहे.

ताई, मी 24 वर्षं डोंबिवली-कल्याण पट्ट्यात शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवतोय. तुमच्या मिस्टरांना मिळालं ते उत्तर मीही कितीतरी जणांना दिलेलं आहे, त्यामुळे आधी त्या सरांची बाजू सांगतो.

सामना संपतो तेव्हा मैदानावर काय चाललेलं असतं बघा. दोघांच्या स्कोअरबुकात तीन धावांचा फरक निघालेला असतो. हरलेल्यांपैकी एक पोरगं किटबॅगमागे तोंड लपवून रडत असतं, एकाचा थायपॅड हरवलेला असतो. माळी मॅटिंग गुंडाळायची घाई करत असतो, कारण दुपारच्या सामन्याचे संघ येऊन थांबलेले असतात. आणि त्यात पाच-सहा वडील "सर, एकच मिनिट" म्हणत उभे. त्या एका मिनिटात आजवर कुणाचंही समाधान झालेलं मी पाहिलं नाही. तेव्हा "दोरीबाहेर थांबा" याचा अर्थ पुष्कळदा "आत्ता नको" एवढाच असतो. फक्त त्याला जोडून "मंगळवारी सहाला या, बसून बोलू" हे वाक्य यायला हवं होतं. ते आलं नाही, ही सरांची चूक. ती मी पदरात घालून घेतो, कारण आमच्या धंद्यात ती सर्रास होते.

आता आठव्या नंबरचं. खासगी स्पर्धांमधले सामने बहुतेक 25 नाहीतर 30 षटकांचे. आठव्या नंबरच्या पोराला फलंदाजी मिळाली तर शेवटच्या दोन षटकांत, तीही "मार किंवा पळ" अशी. मग सर असं का करत असतील? कदाचित तुमच्या मुलाकडे ते गोलंदाज म्हणून बघत असतील. कदाचित तो नेटमध्ये देखणा खेळतो, पण सामन्यात एकेरी धाव काढत नाही. नेटमध्ये क्षेत्ररक्षक नसतात, धावायचं नसतं, बाद झालं तरी पुढचा चेंडू खेळायला मिळतोच, त्यामुळे आई-वडिलांना नेटमधलं पोरगं नेहमी जरा मोठंच दिसतं. किंवा सर फक्त करंडकामागे असतील आणि चार मोठाड मुलांवर सामने काढत असतील. हेही होतं, नाही कशाला म्हणू? यातलं खरं कारण कुठलं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ते तुम्हाला आणि त्याहून आधी तुमच्या मुलाला कळायला हवं. नंबर ठरवायचा अधिकार सरांचा आणि कारण विचारायचा अधिकार तुमचा. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण एकाने विचारलं की दुसऱ्याला ते आव्हान वाटतं, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

माझ्या अनुभवात हे भांडण मोठं कोण यावरून होत नाही. खेळ सरांना ठाऊक असतो, मूल घराला ठाऊक असतं, आणि दोघंही आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवरच जास्त बोलतात, म्हणून होतं. वडील मला पुढचा पाय कुठे पडायला हवा ते सांगतात. मी त्यांना "तुम्ही याचे फार लाड करता" म्हणून सांगतो. दोघांचंही चुकतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शिवाजी पार्कवरचंच आहे. 1984 सालच्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या 11 वर्षांच्या धाकट्या भावाला रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातला मधला तुकडा लोक घाईने सांगून टाकतात. एवढी माणसं बघताहेत म्हटल्यावर सचिन बिचकला, धड खेळलाच नाही. अजितनी सरांना विनंती केली की त्याला आणखी एक संधी द्या, पण तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले, पोरगं मोकळं खेळलं आणि प्रवेश मिळाला. बघा, अजित स्वतः क्रिकेट खेळणारे. भावाच्या बॅटच्या पकडीबद्दल, स्टान्सबद्दल ते चार शब्द सहज सांगू शकले असते. त्यांनी सांगितली ती एकच गोष्ट, आणि ती घरच्या माणसालाच माहीत असणारी: हा कुणी बघत असलं की अवघडतो. आणि आचरेकर सरांनीही "मला शिकवतोस का" असं न म्हणता ती ऐकली.

पुढे सरांनी त्या घराला सांगितलं ते मात्र खेळाचं होतं. मुलाला सामने मिळायला हवेत, त्यासाठी वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमला घालावं. त्यावर निर्णय घेतला तो घराने. वांद्रे ते शिवाजी पार्क रोजची दगदग नको म्हणून मुलगा काका-काकूंकडे राहायला गेला, तीही व्यवस्था घराने केली. सर काही बिऱ्हाड हलवायला आले नव्हते. कुणी काय सांगायचं आणि कुणी काय ठरवायचं, हे त्या घरात कागदावर न लिहिता स्पष्ट होतं. आपल्याकडे ते तेवढं स्पष्ट नसतं, म्हणून लिहून काढावं लागतं.

मी मोसमाच्या सुरुवातीला पालकांची बैठक घेतो, अर्धा-पाऊण तास, शाळेच्या वर्गात, मुलांच्याच बाकांवर. (त्या छोट्या बाकांवर बसलं की मोठी माणसंही जरा नमतात, हा माझा अनुभव.) तिथे सरळ सांगतो. संघात कोण, फलंदाजीचा क्रम काय, कुणाला किती षटकं, नेटमध्ये कुणाची पाळी कधी, हे मी ठरवणार. चुकलं तर माझं चुकलं, पण ठरवणार मी. मुलाने खेळायचं की नाही, आठवड्यातून किती दिवस यायचं, परीक्षेच्या महिन्यात काय करायचं, पैसे किती घालायचे, डॉक्टर कुठला, झोप किती, हे तुम्ही ठरवणार. चाचणी परीक्षा आहे म्हणून मुलगा आठ दिवस आला नाही, तर मी त्याला टोमणा मारणार नाही, आणि आल्या आल्या सलामीला पाठवा असं तुम्ही म्हणायचं नाही.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. खरी गुंतागुंत मधल्या पट्ट्यात असते, जिथे दोघांचाही हात लागतो.

त्यात पहिली येते गोलंदाजी. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगवान टाकणाऱ्या मुलांच्या कंबरेची. वाढीच्या वयात जास्त गोलंदाजी केली की कंबरेच्या मणक्यात बारीक भेग पडते, डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि मग कित्येक महिने चेंडूला हात लावायचा नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 13 वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांना एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग टाकताना, 5 आणि दिवसात 10 षटकं अशी मर्यादा घातलेली होती, आणि मी माझ्या मुलांना तीच लावतो. पण मी मोजतो ती माझ्यासमोरची षटकं. तोच मुलगा सकाळी शाळेच्या संघाकडून टाकतो, संध्याकाळी माझ्याकडे, रविवारी सोसायटीच्या सामन्यात, आणि रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेटला चुलतभाऊ घेऊन जातात. एकूण बेरीज फक्त घराला माहीत असते. एका मुलाच्या आईने फ्रीजवर कागद चिकटवून रोजची षटकं लिहायला सुरुवात केली आणि शनिवारी फोटो पाठवला. एका आठवड्यात 61 षटकं! मी त्याला फार तर 25 धरून चाललो होतो. त्या बाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या मोसमात मला कुठल्याही पालकाकडून मिळालेली ती सगळ्यात उपयोगी गोष्ट.

दुसरी गोष्ट पर्सनल कोचिंगची. हे प्रकरण नाजूक आहे, कारण पालकांना ते गुन्ह्यासारखं लपवावंसं वाटतं. माझ्याकडे एक डावखुरा मुलगा होता. शनिवारी त्याची बॅट सरळ वर जायची, मंगळवारी स्लिपकडून वळसा घेऊन यायची. मी दुरुस्त करायचो, पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. दोन महिने मी त्याच्या मनगटांना दोष देत राहिलो. मग एक दिवस तो वैतागून म्हणाला, "सर, तुमचं करू की सोमवारच्या सरांचं?" घरच्यांनी सोमवारी थ्रोडाउनसाठी (जवळून हाताने टाकलेले चेंडू खेळायच्या सरावासाठी) दुसरे सर लावले होते आणि मला सांगायचं नाही अशी पोराला तंबी होती. बारा वर्षांच्या मुलाने ते ओझं दोन महिने वाहिलं. दुसरे सर लावा हो, माझी हरकत नाही. माझ्याकडे 40 मुलं आहेत, एकेकाला मी अर्धा तास देऊ शकत नाही. पण दोन्ही सरांना एकमेकांचा नंबर द्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. मी त्या सोमवारच्या सरांना फोन केला, पाच मिनिटांत मिटलं. भला माणूस होता.

शाळा किंवा क्लब बदलणं, दुखापतीनंतर परत कधी उतरायचं, वयोगटाच्या ट्रायल्सना पाठवायचं की नाही, हेही याच पट्ट्यातलं. दुखापतीबाबत माझा नियम सोपा आहे: डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. मी आणि वडील दोघंही फिट म्हणत असलो तरी नाही.

तर आता तुमचं, बोलायचं कसं. सामन्याच्या दिवशी नाही. फोनवर रात्री नाही. सरावाच्या दिवशी सरांना आधी मेसेज टाका: "सर, मुलाच्या खेळाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, तुम्हाला सोयीची वेळ सांगा." विषय लिहू नका. लिहिला की सर उत्तर तयार करून येतात. जाल तेव्हा शक्यतो दोघं जा, आणि एकानेच बोला.

आणि वाक्य कसं मांडता याने फार फरक पडतो. "त्याला वर पाठवा ना सर" म्हटलं की सरांकडे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि ते नाहीच म्हणणार. "अमक्याला का पाठवता मग?" हे तर कधीच नको, दुसऱ्याच्या मुलाचं नाव काढलंत की मी तिथेच संभाषण थांबवतो. त्याऐवजी असं विचारा: "सर, चौथ्या-पाचव्या नंबरला खेळायचं तर त्याला अजून काय जमायला हवं? आणि ते जमलं हे तुम्ही कशावरून ठरवाल?" या प्रश्नाला चांगल्या सरांकडे ठोस उत्तर असतं. "एकेरी धावा काढून स्ट्राइक फिरवायला शिकू दे, सराव सामन्यात 20 चेंडू टिकून 12-15 धावा काढू दे, मग बघू." हे झालं उत्तर. "बघू, मेहनत करू दे" हे काही उत्तर नव्हे. तेवढ्यावर परत येऊ नका, शांतपणे पुन्हा विचारा, "मेहनत कशावर, सर?"

मग तुमच्याजवळ जे आहे ते द्या. मुलगा घरी गप्प असतो हे सरांना माहीतच नसणार. माझ्यासमोर सगळी मुलं सारखीच असतात, शिट्टी वाजली की पळणारी. कोण रात्री जेवला नाही, कोणाला त्या एका मोठ्या मुलाची भीती वाटते, कोणाला उंच झेलाची भीती बसलीये, हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कुठून?

खरं तर याच्याही आधी एक पायरी आहे. 12 वर्षांचा मुलगा स्वतः विचारू शकतो. घरी तालीम करून घ्या हवं तर. "सर, मला वर खेळायचंय, मी काय करू?" एवढंच. माझ्यासमोर येऊन असं विचारणारं पोरगं मी आजवर हाकललेलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगतो, असा मुलगा पुढच्या सामन्याचा क्रम लिहिताना डोळ्यांसमोर येतोच. आठ वर्षांच्या मुलासाठी तुम्ही बोला, बाराव्या वर्षी त्याला आधी बोलू द्या आणि तुम्ही मागे रहा, सोळाव्या वर्षी तुम्ही गाडीतच बसा.

आमच्या बाजूचंही एक सांगायला हवं. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी पालकांशी बोलतच नसे. मला ज्यांनी शिकवलं ते तसेच होते, त्यांच्यासमोर माझे वडील मान खाली घालून उभे राहायचे, आणि मला वाटे दरारा म्हणजेच शिस्त. त्या काळात एक मुलगा सलग दोन आठवडे उशिरा यायला लागला. मी रोज त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. कारण विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी त्याच्या मित्राने हळूच सांगितलं: याची आई हॉस्पिटलमध्ये आहे, हा सकाळी डबा देऊन मग येतो. त्याचे वडील मला दोनदा गेटजवळ दिसले होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. त्या पंचाहत्तर फेऱ्या अजून माझ्या डोक्यात आहेत. पालकसभा मी त्यानंतर सुरू केली. आणि त्या सभेत एक कागद वाटतो, त्यावर एकच प्रश्न असतो: "तुमच्या मुलाबद्दल मला माहीत असावी अशी गोष्ट कोणती?" दमा आहे, चष्मा लागलाय पण घालत नाही, नुकतेच आजोबा गेले, पप्पा दुबईला असतात, ओरडलं की अंग चोरतो. तो गठ्ठा माझ्याकडे कुलपात असतो.

दोरीच्या आतबाहेरचं मला कळलं ते मात्र मैदानावर नाही, तरणतलावावर. माझी मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना पोहायला जायची. मी प्रशिक्षक, त्यामुळे मला वाटायचं मी काही "तसला" बाप नाही. स्टॉपवॉच घेऊन पायऱ्यांवर बसायचो, फक्त वेळ टिपायला. दोन महिन्यांनी तिच्या मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "सर, ही जाताना उजवीकडे श्वास घेते, येताना डावीकडे. मला आधी आनंद झाला, दोन्ही बाजूंनी जमतंय म्हणून. मग लक्षात आलं, तुम्ही बसता ती बाजू आहे." मी पाण्याकडे बघत राहिलो. खरंच, दर दोन-तीन हातांनी तिचा एक डोळा पाण्यावर यायचा आणि तो माझ्यावर असायचा. दुसऱ्या दिवसापासून मी गेटबाहेरच्या चहावाल्याकडे बसायला लागलो. तिचा वेळ सुधारला की नाही मला माहीत नाही, कारण मी मोजणं सोडलं. पण ती भिंतीला हात लावून मॅडमकडे बघायला लागली.

क्रिकेटमध्ये हे अजून उघडं दिसतं. साइटस्क्रीनजवळ (गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याजवळ) उभं राहून हाताने "डोकं खाली, डोकं खाली" अशा खुणा करणारे वडील दर सामन्याला असतात. मुलगा चेंडू खेळतो, माझ्याकडे बघतो, मग वडिलांकडे बघतो, तोवर गोलंदाज परत धावायला लागलेला असतो. टाळ्या वाजवा, दुसऱ्या संघाच्या चांगल्या झेलालाही वाजवा, पाणी आणा, कलिंगड आणलंत तर मीही एक फोड खाईन. पण सूचना नकोत.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल थोडक्यात, नाहीतर यावर बोलावं तितकं कमीच. ग्रुपवर वेळ, ठिकाण, कोणत्या स्टेशनला किती वाजता भेटायचं, पाऊस आला तर काय, एवढंच. निवड, क्रम, कामगिरी याबद्दल ग्रुपवर एकही ओळ नको, पालकांची नको आणि सरांचीही नको. "आज काही मुलांनी निष्काळजीपणे विकेट फेकल्या" असा मेसेज मी एकदा रात्री टाकला होता. अकरा घरांत अकरा मुलांना जाब विचारला गेला, आणि ज्याला उद्देशून होता तो मजेत झोपला होता. आणखी एक: सरांनी मुलाशी एकट्याशी खासगी चॅट करू नये. मेसेज पाठवायचा तर आई किंवा वडील त्यात असावेत. हा नियम मी स्वतःच्या भल्यासाठीही पाळतो.

आता ज्या बाबतीत तुम्ही गप्प बसायचंच नाही, ते. सर कितीही नावाजलेले असोत. लेदरचा सीझन बॉल आणि हेल्मेट नाही, तर मुलाला नेटमधून बाहेर काढा, मग बोला. मे महिन्यात दुपारी एकला पाण्याशिवाय फिटनेस, हे चालणार नाही. मारहाण, आईबहिणीवरून शिव्या, शरीरावरून चेष्टा, याला "तयारी करून घेतात" म्हणायचं नाही. कुठल्याही सरांना मुलाला बंद खोलीत एकट्याला बोलवायची, मालिश करायची, बाहेरगावच्या सामन्यात स्वतःच्या खोलीत झोपवायची गरज नसते. तसं काही कानावर आलं तर ते अकादमीत मिटवायचं प्रकरण नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि मूल जे सांगतंय त्यावर आधी विश्वास ठेवायचा.

जन्मदाखल्याचंही यातच घालतो. "दोन वर्षं कमी करून देतो, 14 खालीच खेळेल" असं सांगणारे सर भेटतात, आणि खेदाची गोष्ट, तसं मागणारे पालकही भेटतात. 16 वर्षांखालच्या मुलांची बीसीसीआय मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांच्या वयाची चाचणी घेतं. सापडलं तर बंदी मुलावर येते, दाखला करून देणारा मात्र नामानिराळा राहतो. पण न सापडल्यावरचं जास्त वाईट. ते पोर पुढे किती वर्षं आपलं वय पाठ करत फिरणार?

पैशांचं. फीची पावती घ्या. निवडीसाठी वेगळे पैसे मागितले, कुठल्याही नावाने मागितले, तर उठा आणि चालू लागा. भेटवस्तू हा आपल्याकडे गोड वेषातला घोटाळा आहे. गुरुपौर्णिमेला मुलांनी फूल आणलं, नारळ आणला, मी घेतो. एकदा एका वडिलांनी पाकीट दिलं, आत पाच हजार होते, आणि पुढच्या रविवारी संघ निवडायचा होता. मी परत केलं. पण खरं सांगू? त्या मुलाला त्या रविवारी संघात घेताना माझा हात अडखळला, घेतलं तर पैशामुळे आणि नाही घेतलं तर पैशामुळे. त्या पाकिटाने नुकसान झालं ते पोराचंच.

मुलाच्या गप्पपणावर एक उपाय तुमच्या हातात आहे. सामन्यानंतर घरी येतानाचा वेळ. आझाद मैदानावरून निघालं की सीएसएमटी ते डोंबिवली सव्वा तास लोकलमध्ये तुम्ही आणि तो. त्या सव्वा तासात कितीतरी मुलांचा खेळ मी आटताना पाहिलाय. दारात किटबॅग अडकलेली, लोक शिव्या घालताहेत, आणि वडील कुर्ल्यापासून सुरू: "तो बॉल सोडायचा होता ना? कितीदा सांगितलंय?" पोरगं खिडकीबाहेर बघतंय. त्याला वडापाव द्या. भूक लागलेली असते. क्रिकेट त्याने काढलं तर बोला, नाही काढलं तर नका काढू. तो दिवसभर पॅड बांधून बसला होता, हे त्याला माहीत आहे.

आणि एवढं करूनही काही हाललं नाही तर? तुम्ही वेळ मागितलीत, विचारलंत, सरांनी जे सांगितलं ते मुलाने केलं, आणि दोन-तीन महिन्यांनीही सर कारण देत नाहीत किंवा दर वेळी नवं कारण देतात, तर अकादमी बदला. मोसमाच्या मध्यावर नको, मुलाच्या मित्रांसमोर तमाशा करून नको. राहिलेली फी भरा, मुलाला सरांच्या पाया पडू द्या किंवा हात मिळवू द्या, आणि निघा. मैदानांचं जग लहान आहे, हेच सर उद्या समोरच्या संघाच्या तंबूत दिसतील. पण नुसता नंबर आठवा आहे म्हणून बदलू नका. माझ्याकडून गेलेली काही मुलं तीन वर्षांत चार अकादम्या फिरली आणि चारही ठिकाणी नवीन मुलगा म्हणून आठव्याच नंबरला गेली.

जाण्याआधी मुलाला एकदा विचारा, त्याला स्वतःला काय वाटतंय. तुमच्या अख्ख्या प्रश्नात सर काय म्हणाले ते आहे, मिस्टर काय म्हणाले ते आहे, त्याचं एकही वाक्य नाही. कोण जाणे, त्याला आठव्या नंबरचं काहीच नसेल आणि गप्प बसायचं कारण वेगळंच असेल. माझ्याकडचा एक असाच महिनाभर घुम्यासारखा होता, घरचे फलंदाजीवरून माझ्याशी वाद घालत होते, आणि शेवटी निघालं काय, तर त्याला विकेटकीपिंग करायचं होतं आणि ग्लोव्ह्ज मागायची लाज वाटत होती.